न तोडता ताकद कळेल का?

प्रश्न: नमस्कार, आमचं अंबडला मोल्डिंगचं छोटं युनिट आहे, नायलॉन ६ चे बुश (शाफ्टभोवती बसणाऱ्या नळ्या) काढतो, भिंत २० मिमी जाड. प्रत्येक लॉटचे पाच पार्ट तोडून कस्टमरला रिपोर्ट द्यावा लागतो. शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे अल्ट्रासाउंडने जाडी मोजायचं मशीन आहे, त्यावर ताकद कळली तर पार्ट तोडायचे वाचतील का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: दादा, पार्ट पूर्ण वाचणार नाहीत, पण मशीन खूप कामाचं आहे. आधी त्याचं सेटिंग बघा. ते स्टीलवर असणार, स्टीलमध्ये आवाज सेकंदाला साधारण ५९०० मीटर जातो आणि नायलॉनमध्ये २६०० च्या आसपास, म्हणजे तुमची २० मिमीची भिंत ते ४५ मिमी दाखवेल. प्लास्टिक आवाज शोषतंही फार, म्हणून १ ते २ मेगाहर्ट्झचा प्रोब (पार्टवर टेकवायचा सेन्सर) घ्या आणि जेल नीट लावा.

आता ताकदीचं. आवाजाच्या वेगाचा वर्ग गुणिले घनता केलं की कडकपणा ७.७ गिगापास्कल येतो आणि यूटीएमवर, म्हणजे पार्ट ओढून तपासायच्या मशीनवर, सुक्या नायलॉनचा मॉड्युलस (कडकपणाचं माप) येतो ३ च्या आसपास. घाबरू नका, कुणाचंच चुकलेलं नाही. आवाजाची लाट जिथे दाबते तिथल्या मटेरियलला बाजूचं मटेरियल पसरू देत नाही, शिवाय सेकंदाला लाखो वेळा होणाऱ्या हेलकाव्याला पॉलिमर जास्त कडक वागतो आणि यूटीएम तर सावकाश ओढतं. पण हा सगळा कडकपणा झाला, पार्ट किती लोडला तुटेल आणि तुटण्याआधी किती ताणेल हे आवाजाला सांगताच येत नाही, साच्यात वितळलेल्या प्लास्टिकचे दोन प्रवाह जुळतात ती वेल्ड लाइनसुद्धा पुष्कळदा त्याला दिसत नाही, आणि बुश तर तिथूनच फाटतो!

जाड भिंतीच्या पोटात आकसून पडलेली पोकळी मात्र ते छान पकडतं, भिंतीच्या मागच्या बाजूवरून परतणाऱ्या आवाजाच्या, म्हणजे इकोच्या आधीच एक इको येतो, असे पार्ट सरळ बाजूला काढा.

माझं ऐकाल तर जे पाच पार्ट तोडणारच आहात त्यांचा वेग तोडण्याआधी मोजून लिहून ठेवा, पण नायलॉन पाणी पितो हे विसरू नका, आपल्या नाशिकच्या एप्रिलमधला आणि श्रावणातला बुश एकाच तक्त्यात घातला तर सगळा गोंधळ होईल, अडीच-तीन टक्के पाणी मुरलं तरी मॉड्युलस निम्म्याहून खाली येतो. त्यामुळे मोजणं आणि तोडणं दोन्ही २३ अंश, ५० टक्के आर्द्रतेला ठेवलेल्या पार्टवर करा, किंवा दोन्ही मोल्डिंगनंतर लगेच पिशवीत सील केलेल्या सुक्या पार्टवर.