इंग्लंडमधील न्यूकासलच्या एल्डन स्क्वेअरमध्ये घरांची एकच ओळ उरली असताना तिला वास्तुकलेत एवढे महत्त्व का?

या शहरात शिकत असताना दोन वर्षे मी जवळजवळ रोज या चौकातून जात असे, म्हणून आपल्या प्रश्नाचे उत्तर थोडे सविस्तर देतो.

इथे ‘टेरेस’ म्हणजे गच्ची नव्हे, तर भिंतीला भिंत लावून सलग बांधलेल्या घरांची ओळ. मात्र चाळीसारखा सामाईक जिना तिला नसतो, प्रत्येक घराचे दार आणि जिना स्वतंत्र असतो. हा चौक 1825 ते 1831 या काळात रिचर्ड ग्रेंजर या बांधकाम व्यावसायिकाने उभारला आणि त्याच्या रचनेशी वास्तुविशारद जॉन डॉब्सन यांचे नाव जोडलेले आहे. न्यूकासलला बागेभोवतीचा चौक नवा नव्हता, कारण विल्यम न्यूटन यांचा शार्लट स्क्वेअर सुमारे 1770 मध्येच झाला होता. पण तो विटांचा होता, आणि ग्रेंजरने मात्र दर्शनी भागासाठी घडीव वालुकाश्म वापरला. पुढे 1830 च्या दशकात त्याने शहराचा मध्यभाग ज्या दगडात घडवला, त्याची चाहूल मला इथेच लागते.

खरे कौशल्य मात्र एकसंधतेत आहे. ओळीच्या मध्यभागी आणि दोन्ही टोकांना उंच, साधे भित्तिस्तंभ देऊन तिथला भाग ठळक केला आहे, या भागांच्या दरम्यानची घरे मुद्दाम शांत ठेवली आहेत आणि पहिल्या मजल्यावर लोखंडी सज्जा आहे; त्यामुळे अनेक कुटुंबांची वेगवेगळी घरे लांबून एकाच ग्रीक धाटणीच्या प्रासादासारखी भासतात. कोण्या एका घरमालकाने आपले दार वा खिडकी मनासारखी बदलली असती, तर हा सारा परिणाम कोसळला असता.

अशा ओळी बागेच्या पूर्वेला, उत्तरेला आणि पश्चिमेला होत्या आणि त्या एकमेकींना उत्तर देत उभ्या होत्या. 1960 च्या दशकात उत्तर आणि पश्चिम बाजू पाडल्या गेल्या व पुढे तिथे 1976 मध्ये खरेदी संकुल सुरू झाले. ही हानी मला आजही अक्षम्य वाटते, कारण चौकाची एक बाजू वाचवणे म्हणजे चौक वाचवणे नव्हे. आपण गेलात, तर बागेतील 1923 च्या युद्धस्मारकाजवळ उभे राहून पूर्वेकडे पाहा. तिथून उरलेली ओळ मध्यापासून दोन्ही टोकांपर्यंत एका नजरेत येते.