मेमरीचा पॅच तपासताना

अरे, तुझा पहिलाच रिव्ह्यू, म्हणजे दुसऱ्याचा कोड तपासायचं काम, आणि तोही मेमरी अलोकेशनचा, म्हणजे प्रोग्रामने मेमरीत जागा मागण्याचा! ठाणे-दादर लोकलमध्ये उभ्याउभ्या मोबाइलवर डिफ (कोडमधल्या बदललेल्या ओळी) वाचून ‘ठीक आहे’ टाकायचा मोह मलाही होतो. पण चूक बऱ्याचदा न बदललेल्या ओळीत असते. घरी जा, चहा घे, पूर्ण फंक्शन उघड.

ईडीके-टूमध्ये, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या फर्मवेअरच्या ओपन सोर्स कोडमध्ये, मेमरी मागणाऱ्या ‘अलोकेटपूल’ला जागा मिळाली नाही तर नल (रिकामा पत्ता) परत येतो. त्याखाली नुसता असर्ट (अट मोडली तर तिथेच थांबवणारी तपासणी) असेल तर समाधान मानू नकोस. रिलीज बिल्डमध्ये, म्हणजे वापरणाऱ्यांकडे जाणाऱ्या आवृत्तीत, असर्ट सहसा बंद असतो. खरा ‘इफ’ हवा. ‘अलोकेटपेजेस’ला बाइट नाही, पानांची संख्या लागते, एक पान ४,०९६ बाइटचं. आणि ते ‘फ्रीपेजेस’नेच सोडायचं, ‘फ्रीपूल’ने नाही.

गुणाकार दिसला की थांब. ३२ बिटांत ६५,५३६ गुणिले ६५,५३६ म्हणजे चक्क शून्य, कारण न मावणारा भाग गळून पडतो! मग जागा गरजेपेक्षा कमी मागितली जाते. आकडा डिस्कवरून किंवा नेटवर्कवरून येत असेल तर कुणीतरी हे मुद्दाम घडवेल.

मग फंक्शनमधून मध्येच बाहेर पडणाऱ्या प्रत्येक रिटर्नवर बोट ठेवून विचार, तोवर घेतलेली मेमरी कोण सोडतंय? असा एक रिटर्न माझ्या नजरेतून निसटला होता, तेव्हापासून मी ते कागदावर लिहूनच काढतो. आणि शंका आली तर बिनधास्त विचार. ‘हे कळलं नाही’ हाही रिव्ह्यूच असतो.