ब्लूग्रास जॅममध्ये नवशिक्याने वाजवायला आणि गायला सुरुवात कशी करावी?

गिटारवर जी, सी आणि डी हे तीन कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) न अडखळता बदलता येत असतील, तर जॅममध्ये, म्हणजे अनेकांनी जमून केलेल्या अनौपचारिक वादनात, बसण्याइतकी तयारी झाली आहे असे मी म्हणेन. कारण बिल मनरो यांच्या ‘ब्लू ग्रास बॉइज’ या वाद्यवृंदावरून नाव पडलेल्या या अमेरिकी संगीतातील असंख्य गाणी तेवढ्यावरच उभी आहेत. गायकाने बी पट्टी सांगितली, तर चौथ्या पडद्यावर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून जी पट्टीतल्या कॉर्डचेच आकार वाजवावेत.

येथे सहसा ड्रम नसतो. बास (खर्जातले मोठे तंतुवाद्य) पहिली आणि तिसरी मात्रा धरतो, तर मॅंडोलिनचा तुटक आघात दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर पडतो. म्हणून वेगवान सुरावटींपेक्षा आधी लय पक्की करावी, हे बहुतेक नवशिक्यांना पटत नाही. एकल वादनाची पाळी आली आणि धीर होत नसेल, तर मान हलवून ती पुढे द्यावी. त्यात कमीपणा नाही.

गाण्यासाठी स्वतःची पट्टी घरीच ठरवून दोन गाणी पाठ करावीत. ध्रुवपदात मुख्य स्वराच्या वर टेनर आणि खाली बॅरिटोन गायला जातो, तेव्हा ऐकून मगच सूर मिसळावा. गायकाने पाय उचलला, की गाणे संपत आले असे समजावे.