स्वस्तातली टायटॅनियम फ्रेम: घ्यावी का सोडावी?

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): सेकंडहँड टायटॅनियम रोडबाईक फ्रेम ४५ हजारात मिळायलीय. कंपनीचं स्टिकर नाही पण चुंबक चिकटत नाही, म्हणजे ओरिजिनल ना?

चुंबक ॲल्युमिनियमलाही चिकटत नाही भाऊ, त्यावरून साधं स्टील नाही एवढंच कळलं. स्टिकर नसल्याचं मला काही विशेष वाटत नाही, चीनमधल्या बाओजी शहरात टायटॅनियमचाच मोठा धंदा आहे आणि तिकडच्या बिननावाच्या फ्रेमही चांगल्या निघतात. बघायचं ते वेल्डिंग. उजेडात काढलेले जॉइंटचे फोटो मागवा, चंदेरी किंवा हलका सोनेरी रंग असेल तर ठीक, गडद निळा-जांभळा असेल तर वेल्डिंगच्या वेळी हवा दूर ठेवणारा आर्गॉन गॅस नीट मिळालेला नाही, आणि राखेसारखा पांढुरका-करडा दिसला तर विषयच संपला. आता बाहेरचा रंग घासून घालवता येतो, म्हणून बॉटम ब्रॅकेट (पेडलच्या दांड्यांमधलं बेअरिंग) काढायला लावा आणि आत टॉर्च मारून बघा, तिथं कुणी घासत बसत नाही. मग मागच्या एका ड्रॉपआउटपासून (चाकाचा आस बसतो ती खाच) हेडट्यूबला (हँडलखालचा पुढचा आखूड पाइप) वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत दोरा ताणायचा, सीटट्यूबपासून (सीटखालचा उभा पाइप) दोन्हीकडचं अंतर मोजायचं, दोन-तीन मिलिमीटरचा फरक आला की फ्रेम वाकडी समजा. आणि बिल मागा, चोरीची निघाली तर पोलीस तुमच्या दारात येणार.

प्रश्न (लातूर): हेडट्यूबजवळ केसाएवढी चीर आहे, म्हणून १० हजार कमी करतोय. एमआयडीसीत वेल्डिंग करून घेतलं तर?

नका घेऊ. तापलेलं टायटॅनियम हवेतला ऑक्सिजन-नायट्रोजन ओढून घेतं आणि ठिसूळ होतं, त्यामुळं पाइपाच्या बाहेरून आणि आतूनही आर्गॉन सोडावा लागतो. रोज स्टीलच्या टाक्या जोडणारा माणूस कितीही कसबी असला तरी हे काम वेगळं आहे. उतारावर हँडलच हातात आलं तर त्या १० हजारांचं काय करणार?

प्रश्न (परभणी): सीटपोस्ट (सीटचा दांडा) फ्रेममध्ये अडकलाय, हलतच नाही. मेकॅनिक म्हणतो गॅसवर तापवू.

सीटपोस्ट ॲल्युमिनियमचा असेल तर तापवू देऊ नका! ॲल्युमिनियम टायटॅनियमपेक्षा जास्त फुगतं, तापवलं की अजून घट्ट बसणार. बर्फ लावून पोस्ट आकसू द्या, तेल सोडा, रात्रभर ठेवा, मग पिळा. अजून फ्रेम घेतली नसेल तर मालकालाच काढून दे म्हणा. नवीन पोस्ट बसवताना अँटीसीझ (धातू एकमेकांत अडकू नयेत म्हणून लावतात ते ग्रीस) लावायचं, घाम आणि दोन वेगळे धातू एकत्र आले की हे होतंच.

प्रश्न (नांदेड): जुन्या सायकलचे पार्ट बसतील का?

स्वस्त फ्रेम बहुतेक रिमब्रेकच्या (चाकाच्या कडेला दाबणारा ब्रेक) काळातली असते, मागं १३० मिलिमीटर रुंदीचं हब (चाकाचा मधला भाग). तुमची चाकं डिस्कब्रेकची असतील तर चाकं, ब्रेक सगळं नवीन, आणि मग ती फ्रेम स्वस्त कसली. टायरला जागा किती तेही विचारा, काही जुन्या फ्रेममध्ये २५ मिलिमीटरच्या पुढचा टायर जात नाही आणि आपल्याकडच्या रस्त्यांना मी २८ च्या खाली सांगणार नाही.

प्रश्न (बीड): टायटॅनियमनं कंबरदुखी थांबते म्हणतात, खरं का?

साइज चुकला असेल तर कुठल्याच धातूनं थांबत नाही. आधी आत्ताच्या सायकलवर मोठा टायर टाका, हवा थोडी कमी ठेवा, सीटची उंची तपासून घ्या. एवढं करूनही दुखलं तर डॉक्टरला दाखवा, फ्रेम नंतर बघू.