सुईचं टोक दिसेपर्यंत थांब

प्रिय बाय,

सोमवारपासून तू जिल्हा इस्पितळाच्या सोनोग्राफीच्या खोलीत बसणार. पहिल्या महिन्याभरातच यकृतात मोठं गळू घेऊन कोणीतरी येईल आणि वॉर्डातून विचारणा होईल, 'पिगटेल घालता, की बांबोळीला पाठवायचा?' पिगटेल म्हणजे पू बाहेर काढायची, टोकाला वेटोळं होणारी नळी. बांबोळीला, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, पाठवणं सोपं. पण काणकोणहून मडगावला आलेल्या, तापाने फणफणलेल्या माणसाला पुन्हा अँब्युलन्समध्ये चढवण्याआधी तुझ्या टेबलावर ते काम होतं का, ते बघ. बरेचदा होतं. रक्तवाहिनीत स्प्रिंग घालून रक्तस्राव थांबवायचा असेल, गळू फुटून हृदयाच्या आवरणात गेलं असेल, तेव्हा मात्र घड्याळ बघत बसू नकोस, पाठव.

मशीनपासून सुरुवात कर. सकाळी जेल न लावता प्रोब (पोटावर फिरवायचा तो) हवेत धर आणि गेन, म्हणजे चित्राचा उजेड, वाढव. पडद्यावर एकाखाली एक आडव्या रेघा दिसतील. त्या रेघांतून एखादी उभी काळी पट्टी खाली गेली असेल, तर तिथले ध्वनी सोडणारे आणि टिपणारे क्रिस्टल मेले आहेत. स्टीलच्या पेपरक्लिपची कड प्रोबच्या कोरड्या तोंडावरून सावकाश फिरव. मेलेल्या जागेवर आली की तिचा प्रतिध्वनी फिका पडतो किंवा गायबच होतो. रोजच्या पोटाच्या तपासणीत ही पट्टी कोणाच्या लक्षात येत नाही, पण सुई नेमकी तिथेच दिसेनाशी होते. प्रोब कधीतरी फरशीवर पडलेला असतो, नाहीतर वायरीवरून ट्रॉलीचं चाक गेलेलं असतं. आणि प्रोबचं तोंड स्पिरिटने पुसू देऊ नकोस. रबर कडक होऊन चिरतं. कंपनीच्या पुस्तिकेत जे द्रावण लिहिलंय तेच वापर.

आता पेशंट. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) १.५ च्या आसपास किंवा खाली, प्लेटलेट ५०,००० च्या वर. पावसाळ्यात डेंगी आणि लेप्टोच्या दिवसांत कालचा प्लेटलेटचा आकडा धरू नकोस, त्याच सकाळचा माग. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, हे घरच्या माणसालाही विचार. जहाजावरून सुट्टीवर आलेला तारवटी गोळीचं नाव सांगेलच असं नाही, त्याला पाकीटच आणायला सांग.

गळू खरंच गळू आहे का? आत छोट्या छोट्या पिशव्या किंवा सुटलेला पडदा तरंगताना दिसला, तर हायडॅटिड, म्हणजे फीतकृमीची गाठ. तिथे सहज म्हणून सुई घालायची नाही. प्रोबने हलकं दाबून आतला गाळ हलतो का ते बघ. न हलणारं, घट्ट दिसणारं गळू अजून पिकलेलं नाही, त्यातून काही निघणार नाही. मग वाहतं रक्त रंगात दाखवणारा कलर डॉप्लर लाव, कारण धमनीचा फुगवटा काळा-पांढऱ्या चित्रात गळूसारखाच दिसू शकतो. लहान अमिबिक गळू मेट्रोनिडॅझोलनेच बसतं. पाच सेंटिमीटरहून मोठं, डाव्या भागातलं, किंवा तीन-चार दिवसांच्या औषधाने न हटलेलं असेल, तर सुईचा विचार कर.

रस्ता ठरवताना गळूच्या आणि यकृताच्या कडेच्या मधे एक-दोन सेंटिमीटर चांगलं यकृत राहील असा ठरव. ते बुचाचं काम करतं. पृष्ठभागाला टेकलेल्या भागातून थेट गेलीस तर नळीच्या बाजूने पू पोटात झिरपतो. काखेच्या मध्यरेषेवर फुप्फुसाचं आवरण दहाव्या बरगडीपर्यंत उतरलेलं असतं, म्हणून जमेल तितकं बरगड्यांच्या खालून जा. बरगड्यांमधूनच जावं लागलं तर खालच्या बरगडीच्या वरच्या कडेवरून, कारण नस आणि धमनी वरच्या बरगडीच्या खालच्या कडेला लपलेल्या असतात. श्वास आत घेतल्यावर आणि सोडल्यावर, दोन्ही वेळा रस्ता बघून घे. सूचना पेशंटच्या भाषेत, म्हणजे बहुतेक कोंकणीत, दे: 'उस्वास घेयात, धरून दवरात, आतां सोडात.' डोडामार्ग-सावंतवाडीकडून आलेल्यांना मराठीत सांग. सुई आत असताना भाषेचा घोटाळा महाग पडतो.

बधिर करायला लिग्नोकेन. २ टक्के लिग्नोकेनच्या एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम औषध असतं. त्यात ॲड्रेनॅलिन मिसळलेलं नसेल तर मर्यादा किलोमागे ४.५ मिलिग्रॅम. पन्नास किलोच्या माणसाला २२५ मिलिग्रॅम, म्हणजे ११ मिली. तेवढंच सलाइन मिसळलंस तर पसरायला दुप्पट मिळतं. नवखे डॉक्टर कातडी बधिर करून थांबतात. खरं दुखतं ते यकृताच्या आवरणाला. तिथपर्यंत औषध ने आणि दोन मिनिटं थांब. नाहीतर आवरणाला सुई लागताच माणूस दचकतो, श्वास सुटतो आणि यकृत सुईच्या टोकावर घासतं.

आता सुई, १८ गेजची. पडद्यावर लांब पांढरी रेघ दिसली की टोक दिसलं असं वाटतं. तसं नसतं. ध्वनीचा पट्टा काही मिलिमीटरच जाड असतो. सुई जरा तिरकी गेली की दांडा पट्ट्यात राहतो आणि टोक बाहेर निघून पुढे जातं. रेघेचं शेवट म्हणजे टोक असं धरून पुढे ढकललंस, तर दोन सेंटिमीटर आंधळेपणाने चाललीस. म्हणून एका वेळी एकच गोष्ट हलव: सुई स्थिर असताना प्रोब, किंवा प्रोब स्थिर असताना सुई. दोन्ही एकदम हलवलीस की कोण चुकलं ते कळत नाही. सुई फार उभी असेल तर ध्वनी प्रोबकडे परतच येत नाही. प्रोबपासून आणखी सेंटिमीटर-दोन लांबून टोच, म्हणजे ती आडवी होईल. तरीही टोक सापडलं नाही तर अर्धा मिली सलाइन सोड, बुडबुडे चमकतील. पडद्यावर मोजलेली खोली सुईच्या खुणांशी ताडून बघ. टोक दिसत नसेल तर पुढे जायचं नाही, पेशंट कितीही घाईचा असो.

पू आला की सुईतून ०.०३५ इंचाची वायर, मग वाट रुंद करणारा डायलेटर, मग नळी. घट्ट पुवाला १० किंवा १२ फ्रेंच (नळीच्या जाडीचं माप). डायलेटर तिरका ढकलला की वायर यकृताच्या आवरणापाशी मुडपते आणि पुढचं सगळं चुकीच्या जागी जातं. प्रत्येक इंचाला वायर मागे-पुढे मोकळी सरकते का ते बघ. नळीतली कडक दांडी पोकळीत शिरताच थांबव आणि नळीच तिच्यावरून पुढे सार. दांडीही सोबत ढकललीस तर मागची भिंत फुटते. शेवटी नळीतला दोरा ओढून कुलूप लाव, म्हणजे टोकाचं वेटोळं घट्ट राहील. बाजूची सगळी भोकं पोकळीत हवीत. एक जरी बाहेर राहिलं तरी पू पट्टीत येतो. कल्चरला पू पाठवच, पण अमिबा शोधायला शेवटचा, भिंतीलगतचा पू पाठव, कारण मधल्या पुवात तो क्वचितच सापडतो. धुताना काढला त्याहून जास्त सलाइन आत घालू नकोस, थंडी वाजून येते.

वॉर्डात दिवसातून तीनदा १० मिली सलाइनने नळी धुवायची. म्हणजे पिशवीत १२० मिली आले तर पू ९०च. हे वजा करायला नर्सला लिहून दे, तोंडी सांगू नकोस. पिशवी एकाएकी कोरडी पडली की सोनोग्राफीआधी थ्री-वे, म्हणजे नळीवरची तीन तोंडांची तोटी, बघ. बहुतेक वेळा ती बंद राहिलेली असते, नाहीतर नळी पाठीखाली मुडपलेली असते. दोन दिवस रोज १० मिलीच्या आत आलं, ताप गेला आणि पोकळी बसली, की नळी काढायची.

काढणारी नर्स कदाचित गावच्या आरोग्य केंद्रातली असेल. म्हणून डिस्चार्जच्या कागदावर नळीचा आकार, घातल्याची तारीख आणि ठळक अक्षरांत एक ओळ लिही: आधी कुलूप सोडावे किंवा दोरा कापावा, मगच नळी ओढावी.