व्हाउचर योजना ऐच्छिक असेल तर लहान विनाअनुदानित शाळेने त्यात जावं का?

जावं. पण सरकारी पैसे उशिरा आले तर मधले महिने कशावर काढायचे, याचा ठराव कार्यकारिणीच्या सभेत आधी करून मगच जावं.

व्हाउचर म्हणजे खासगी शाळेत शिकणाऱ्या मुलाच्या फीचे पैसे सरकारने देणं. तुम्ही अमेरिकेचं उदाहरण देऊन विचारलंय की योजनेत जायचं की नाही हे शाळेनं ठरवायची तिथल्यासारखी मुभा पुण्यात मिळाली तर अडीचशे पटाच्या शाळेनं काय करावं. मी धायरीजवळच्या एका विनाअनुदानित प्राथमिक शाळेचं कार्यालय १९ वर्षं सांभाळलं, म्हणून लिहितेय. आपल्याकडचे आरटीईचे, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखाली गरीब आणि वंचित घरांतल्या मुलांसाठी राखीव असलेले २५ टक्के प्रवेश म्हणजे व्हाउचरचाच प्रकार, फक्त शाळेला नाही म्हणता येत नाही. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानंही ते कायम ठेवलं. मूल सोडतीतून येतं आणि शासन प्रतिपूर्ती (त्याच्या फीची भरपाई) देतं ती शाळेची फी किंवा शासनाचा स्वतःचा दरडोई खर्च, यातली कमी असेल ती.

सगळा वाद त्या ‘कमी असेल ती’वरच. २०१९ ला आमची फी २४,००० होती आणि प्रतिपूर्तीचा दर १७,६७०. जूनच्या सभेत खजिनदारांनी फळ्यावर मांडलं, एका मुलामागे ६,३३० कमी, मुलं ३८, म्हणजे वर्षाला २ लाख ४० हजारांचं नुकसान. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी उठून म्हटलं, काका, तुकडीत ४० जागा. आरटीईच्या १० सोडल्या तर उरलेल्या ३० सुद्धा भरत नाहीत, कुठे २२ आहेत कुठे २४. ही मुलं नसती तर त्या बाकांवर फी भरणारं कोण बसणार होतं? बाईंचा पगार तेवढाच, वीजबिल तेवढंच. या ३८ मुलांमुळे ६ लाख ७१ हजार येणं लागतात, ते जमेला धरा. त्यावर ते म्हणाले, “तुम्ही कीर्द लिहा, धोरण आम्ही बघतो.”

आणि धोरण काय ठरलं, तर आरटीईच्या पालकांकडून दोन-दोन हजार ‘उपक्रम निधी’ घ्यायचा, पावती न देता.

ऑगस्टमध्ये दुसरीतल्या एका मुलीची आई आली. नऱ्ह्याला एका वसतिगृहात पोळ्या करायची. रुमालात दहा-वीसच्या नोटा बांधून आणलेल्या. मोजून झाल्यावर म्हणाली, “ताई, पावती मिळंल ना? मालकीणबाईंकडनं उचल घेतलीय, त्यांना दाखवायचीय.” मी नेहमीचं पावतीपुस्तक काढलं. नाव, तारीख, रक्कम, आणि कारणापुढे ‘आरटीई विद्यार्थिनी, उपक्रम निधी’ असं स्वच्छ अक्षरात लिहिलं, सही-शिक्का करून दिली. त्याच संध्याकाळी कीर्दीत नोंदही केली.

दुसऱ्या दिवशी खजिनदार स्थळप्रत हातात घेऊन माझ्या टेबलासमोर उभे. पावती रद्द करा म्हणाले. मी म्हटलं, मूळ पावती त्या बाईकडे आहे, नोंद कीर्दीत आहे, लेखापरीक्षकांना काय सांगू? कायद्यात कॅपिटेशन फीला, म्हणजे ठरलेल्या फीबाहेर घेतलेल्या पैशांना बंदी आहे, दंड घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत होऊ शकतो, हेही सांगितलं. आठ दिवसांत तिचे दोन हजार परत गेले. तिच्याआधी बिनपावतीचे दिलेल्या अकरा जणांचेही गेले. माझ्याकडून हिशेबाचं काम काढून घेतलं आणि पुढची दोन वर्षं मला ग्रंथालय आणि जडसंग्रह नोंदवही (बाकं-कपाटांसारख्या सामानाची नोंद) दिली. मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही. वाईट याचं वाटतं की त्या सभेतल्या एकानंही रिकामी बाकं मोजली नाहीत.

तुमच्या प्रश्नाकडे येते. योजना आली की पहिल्यांदा हे बघा, की व्हाउचरच्या वर पालकांकडून पैसे घ्यायची मुभा आहे का. अमेरिकेतल्या मिल्वॉकी शहरात १९९० पासून व्हाउचर आहे, तिथे प्राथमिकच्या मुलाचं व्हाउचर हीच पूर्ण फी धरावी लागते आणि जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर सोडत काढावी लागते. चिलीत १९८१ ला व्हाउचर आलं, नंतर वरची फी घ्यायला परवानगी दिली, आणि ऐपतीप्रमाणे मुलं वेगवेगळ्या शाळांत विभागली गेली. २०१५ च्या कायद्यानं ती फी टप्प्याटप्प्यानं बंद करायला घेतली. आमच्या खजिनदारांना चिलीतली ती मुभाच बिनपावतीची हवी होती. वरची फी घेऊ देणारी योजना असेल तर जाऊ नका असं मी म्हणेन. मूल घेतलं की पूर्ण घ्यायचं.

प्रतिपूर्तीच्या उशिराबद्दल मात्र खजिनदार खोटं बोलत नव्हते, हे मान्य करते. पैसे तुकड्यातुकड्यानं यायचे, पडताळणीत एखाद्या मुलाचा कागद अडला की यादी परत. त्या वर्षी दिवाळीत सगळ्यांचे दोन महिन्यांचे पगार थकले, माझाही. २०२०-२१ ला तर कोविडचं कारण देऊन दर ८,००० वर आणला. म्हणून निदान चार महिन्यांच्या पगाराएवढी ठेव बाजूला असल्याशिवाय यात उतरू नका. आणि तुमच्या तुकड्या फी भरणाऱ्यांनी आधीच गच्च असतील तर माझा बाकांचा हिशेब तुम्हाला लागू नाही, तिथे खड्डा खरा असतो.

२०२४ च्या फेब्रुवारीत शासनानं १ किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असलेल्या खासगी शाळांना आरटीईतून सूट दिली, तेव्हा खजिनदारांनी मला मुद्दाम फोन केला होता, “बघा, शासनालाही पटलं.” जुलैत उच्च न्यायालयानं ती सूट रद्द केली. तुमच्या सभेत कोणी नुकसानीचा आकडा फळ्यावर मांडला, तर शेजारी प्रत्येक तुकडीतल्या रिकाम्या जागांचा आकडा लिहायला लावा, आणि दोन्ही इतिवृत्तात घ्या.