मेलेल्या शेजाऱ्याचा सारा

प्रश्न : सर, रोमन साम्राज्य रोगराईनेच बुडालं असं हल्ली फार ऐकायला मिळतं. एवढं सैन्य असताना तापाने राज्य जातं हे काही पटत नाही. – एक वाचक, सांगली

उत्तर : नुसत्या तापाने गेलं म्हणणं जरा जास्तच होतं, पण हात होता. सम्राट जस्टिनियनच्या वेळचा प्लेग बघा. पश्चिमेकडचं रोम ४७६ लाच गेलेलं, कारभार कॉन्स्टँटिनोपलचा (आजचं इस्तंबूल), आणि या बाबाने उत्तर आफ्रिका परत घेतलेली, ५४० ला इटलीतलं राव्हेना पण हातात आलेलं. ५४१ ला इजिप्तमधल्या पेलुसियमला गाठीचा ताप सुरू झाला, पुढच्या वर्षी राजधानीत, कारण तिथलं धान्य इजिप्तहून जहाजाने यायचं आणि धान्य म्हटलं की उंदीर आलेच, उंदरांबरोबर पिसवा. (जिवाणू तोच, १८९७ ला पुण्यात आलेला. बव्हेरियातल्या जुन्या सांगाड्यांच्या दातांत त्याचा डीएनए सापडलाय.)

त्या काळचा इतिहासकार प्रोकोपियस तेव्हा शहरातच होता. दिवसाला ५,०००, मग १०,००० च्या वर मेले म्हणतो, आकडा फुगवलेला असेलही, पण पुरायला जागा नाही म्हणून खाडीपलीकडच्या सिकाई वस्तीच्या तटबुरुजांची छपरं काढून आत प्रेतं टाकली, भरले की परत छप्पर, आणि तिकडून वारं सुटलं की शहरभर वास. खुद्द जस्टिनियनलाही गाठ आली, वाचला तो.

खरी गोची पुढे. शेतकरी मेले, जमिनी पडीक, पण सारा माफ नाही, उलट मेलेल्या शेजाऱ्याच्या वाट्याचा पण जिवंत माणसाने भरायचा! हे प्रोकोपियसचंच, आणि त्याचा राजावर दात होता, हे धरून वाचा. पण ५४४ चा कायदा तर आहेच, मजूर-कारागिरांनी जुन्या दरापेक्षा जास्त मागायचं नाही म्हणून. माणसंच मिळत नसणार ना, त्याशिवाय कोण असा कायदा काढतो. इटली परत घ्यायची लढाई ५५० च्या पुढे रेंगाळली, आणि साथ ७५० च्या आसपासपर्यंत फिरून फिरून येत राहिली.

काही इतिहासकार नाणी, शिलालेख, परागकण तपासून म्हणतात की एवढी पडझड दिसतच नाही. असेल, गावोगाव सारखा फटका बसला नसणार, पण तिजोरीला बसला असं मला तरी वाटतं.

तुमच्या शंकेच्या बाजूनेही एक सांगतो. ६३९ च्या सुमारास पॅलेस्टाइनमध्ये अमवासच्या प्लेगने अरब सैन्याला झोडपलं, सेनापती अबू उबैदा त्यातच गेला, तरी रोमनांकडून नुकताच जिंकलेला सीरिया अरबांकडेच राहिला.